गारांवरची तोफ

ज्याच्या मळ्यावर कधी गारा पडल्या नाहीत त्यानं माझ्या तोफेबद्दल एक अक्षरही बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या ब्रेझोवेत्समध्ये प्रत्येकाच्याच मळ्यावर केव्हा ना केव्हा गारा पडलेल्या असल्यामुळे सगळेच बोलतात, ही गोष्ट वेगळी.

मी ओझबाल्ट कुकोवेत्स. गावात माझं औषधाचं दुकान आहे. पोट बिघडलं, कान ठणकला, गायीची कास सुजली की गाव माझ्याकडे येतं, मी दिलेली कडू औषधं नाक दाबून मुकाट्यानं गिळतं आणि माझं मत मात्र तिथेच टेबलावर ठेवून निघून जातं. टेकडीच्या दक्षिण उतारावर बायकोच्या माहेरून आलेला आमचा द्राक्षमळा आहे. जुने वेल मुळं खाणाऱ्या अमेरिकन किडीनं संपवले, आणि मग त्याच अमेरिकेहून आलेल्या खुंटांवर आम्ही नवे वेल बांधले. चोराकडूनच कुलूप विकत घेण्यातला प्रकार, पण सरकारच म्हणालं घ्या, तर घेतलं. इतकी वर्षं त्या वेलांनी आम्हांला फक्त पानं दाखवली. यंदा पहिल्यांदा घड लागले, आणि असे लागले की माझी बायको गेरा सकाळी चहाआधी मळ्यात जाऊन त्यांच्याकडे बघत उभी राहायची. माझ्याकडे ती लग्नाच्या दिवशीसुद्धा तसं बघत नव्हती.

आमच्या मुलखात ज्याच्या घरी स्वतःची वाइन नाही तो माणूस अर्धा समजतात. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला नवी वाइन पिकते, त्या दिवशी लोक एकमेकांच्या तळघरात जातात, चाखतात, नावं ठेवतात. आम्ही मात्र इतकी वर्षं दुसऱ्याच्याच तळघरात जाऊन दुसऱ्याच्याच वाइनची तारीफ करत आलो होतो. "यंदा आपल्या टेबलावर आपली," असं गेरा रोज म्हणायची आणि म्हणताना आकाशाकडे बघायची. जुलैतली एक गारपीट पुरेशी असते, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

अशा वेळी मला तोफेचा शोध लागला. म्हणजे शोध माझा नाही, आमच्याच प्रांतातल्या एका नगराध्यक्षाचा. त्या गृहस्थानं असं काढलं, की गारांचा ढग डोक्यावर आला की त्याच्याखाली तोफ उडवायची. तोफेत गोळा नाही, नुसती दारू. नळकांड्यावर एक अवाढव्य लोखंडी कर्णा बसवायचा, रेल्वे इंजिनाच्या जुन्या धुराड्याचा. त्यातून धुराचं एक गरगरणारं कडं शीळ घालत आभाळात जातं, ढग बिचकतो आणि गारांऐवजी मुकाट्यानं पाऊस पाडतो. इटलीहून लोक ही करामत बघायला येत होते. मीही गेलो, बघितली, आणि ते कडं वर गेलं तेव्हा मी डोक्यावरची टोपी काढली. एकोणिसावं शतक संपताना माणसानं ढगालाही वठणीवर आणलं, आणि तेही आमच्या प्रांतात, या विचारानं माझा ऊर भरून आला.

घरी येऊन मी गेराला म्हटलं, "अगं, गारा संपल्या."

"कुठे पडल्या?" तिनं घाबरून विचारलं.

"पडल्या नाहीत. संपल्या. आपण तोफ बसवतोय."

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "आणि ढग चिडला तर?"

विज्ञानाची पीछेहाट घराघरांतून कशी होते याचा हा नमुना आहे. ढग चिडत नसतो, हे मी तिला जेवण होईपर्यंत समजावून सांगत होतो. शेवटी ती म्हणाली, "बसवा बाई तुमची तोफ, पण माझे घड हलता कामा नयेत."

गावात बातमी पसरली तसे सल्ले सुरू झाले. पहिला आला तोपोल्निक. हा पूर्वी पोलिसात होता, निवृत्त झाल्यावर गावाला शिस्त लावण्याचं काम विनावेतन करतो. माझ्या मुलीच्या बारशाला तो तिचा धर्मपिता झाला, म्हणून आमच्याकडच्या रीतीनं आम्ही एकमेकांना 'बोतर' म्हणतो.

"बोतर," तो म्हणाला, "तोफ म्हटली की तोंड कुठे करणार हा प्रश्न येतो."

"वर."

"वर म्हणजे कुठे? वर तर आपल्या सगळ्यांचंच आहे."

मग त्याच्या बायकोनं सांगितलं, की तोफ बसवाच, पण कोंबड्या अंड्यांवर असताना उडवू नका. बेकरीवाल्यानं सांगितलं, पहाटे पाव फुगत असताना नको. पाद्रीबुवांच्या स्वयंपाकीण बाईंनी निरोप धाडला, की शनिवारी पोटीत्सा, अक्रोड भरलेल्या गोड पावाची गुंडाळी, भट्टीत असते आणि आवाजानं ती बसते, तर शनिवारही वगळा. या सगळ्यांची सोय बघितली तर ढगानं आठवड्यातून फक्त मंगळवारी दुपारी यायला हवं होतं.

पण खरा विरोध झाला तो रोयकोचा. यर्नेय रोयको हा आमच्या चर्चचा घंटावाला. गारांचा ढग दिसला की मनोऱ्यावर चढायचं आणि थोरली घंटा बडवून ढग परत धाडायचा, हे काम त्याच्या घराण्यात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. त्याबद्दल शरदात तो गाडीवर पिंप ठेवून दारोदार फिरतो आणि प्रत्येक घर त्याला नव्या वाइनमधला वाटा देतं. याला आम्ही 'बेरा' म्हणतो. ढग गेला तर ती रोयकोची कामगिरी, आणि गारा पडल्याच तर "मी वाजवली नसती तर याहून मोठ्या पडल्या असत्या," असा हिशेब. असा बिनतोड धंदा मी दुसरा पाहिला नाही. उत्तरेचा ढग मी उजव्या हातानं वाजवतो आणि पश्चिमेचा डाव्या, असंही तो लोकांना सांगायचा आणि लोक माना डोलवायचे.

तो खांद्याला चोळायचं तेल न्यायला दुकानात आला. दुकान भरलेलं होतं आणि त्यानं मुद्दामच भरलेलं बघितलं होतं.

"गोस्पोद कुकोवेत्स, तुम्ही म्हणे देवाच्या ढगावर तोफ डागणार?"

"ढग वाफेचा असतो, रोयको."

"असेल. माझ्या घंटेवर बिशपसाहेबांनी स्वतः येऊन पवित्र पाणी शिंपडलंय. तुमच्या धुराड्याला आशीर्वाद कोणी दिला? रेल्वेनं?"

सगळं दुकान हसलं. ज्यांच्या जुलाबांची गुपितं मी वर्षानुवर्षं पोटात ठेवली तेही हसले. मी त्याला तेल दिलं, पण बूच जरा जास्तच घट्ट लावलं.

धुराडं रेल्वेच्या भंगारातून मिळालं. ते आणायला बैलगाडी केली आणि मी रविवारचा सूट घालून गाडीपुढे चालू लागलो, कारण एक महत्त्वाचं यंत्र पहिल्यांदा गावात येत होतं आणि प्रसंगाला काही शोभा हवी. चर्चजवळच्या चढावर डावा बैल उभा राहिला. का उभा राहिला हे त्यालाच ठाऊक. गाडी मागे सरकली, दोर सुटले आणि धुराडं घरंगळत निघालं. ते पाद्रीबुवांच्या कोबीतून आरपार गेलं, कुंपण मोडलं आणि थेट रोयकोच्या डुकरांच्या गोठ्याला जाऊन टेकलं. मी ते थांबवायला मिठी मारली होती, त्यामुळे माझा सूट, हात, मिशा सगळं काजळीनं माखलं होतं. रोयको दारात उभा होता.

"बघा," तो जमलेल्या लोकांना म्हणाला, "मालकाच्या आधी यंत्रालाच कळलं माफी कुठे मागायची ते."

कोबीची भरपाई म्हणून पाद्रीबुवांना मी खोकल्याचं औषध कबूल केलं. त्यांना खोकला नव्हता, पण त्यांनी घेतलं.

मग कचेरी. जिल्ह्याच्या कचेरीत कोमिसार लाम्प्रेख्त नावाचे एक गृहस्थ बसत. त्यांनी माझा अर्ज दोन बोटांत धरून विचारलं, "ही तोफ लष्करी की शेतकी?"

"शेतकी."

"मग शेतकी अवजारांच्या खिडकीवर जा."

शेतकी अवजारांच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "हे अवजार जमिनीत जातं का?"

"नाही, आभाळात."

"आभाळ आमच्याकडे नाही," म्हणून त्यानं मला पुन्हा लाम्प्रेख्तसाहेबांकडे पाठवलं. अशा बऱ्याच येरझाऱ्या झाल्यावर असं ठरलं, की तोफ शेतकी, पण तिची दारू लष्करी. तेव्हा तोफ मी मळ्याच्या माथ्यावर खुशाल ठेवावी, मात्र दारूसाठी वेगळी झोपडी बांधावी. ती कुठल्याही घरापासून शक्य तितकी लांब असावी, आणि दारू तापू नये म्हणून चारही बाजूंनी छपराखाली हवेचे झरोके असावेत. माझ्या जमिनीत सर्वांत लांबची जागा म्हणजे उताराच्या तळाशी, ओढ्याकाठी. तिथे सकाळचं धुकं अकरा-अकरा वाजेपर्यंत उठत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "तिथे झरोके ठेवले तर दारूला ओल लागेल."

"ओल हा आमच्या खात्याचा विषय नाही."

"पण दारू ओली झाली तर तोफ उडणार कशी?"

"ती न उडण्यात या कचेरीला काहीच आक्षेप नाही," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. मी औषधवाला आहे. ओल म्हणजे काय आणि ती चूर्णाचं काय करते हे मला शिकून माहीत आहे, आणि तरीही माझ्या हातांनी मला ते झरोके पाडावे लागले. आजही ती झोपडी दिसली की माझं रक्त उसळतं.

मे महिन्यात एका रविवारी प्रार्थनेनंतर मी तोफेची चाचणी घेतली. त्या दिवशी दारू ताजी आणि कोरडी होती. सगळं गाव मळ्याच्या बांधावर जमलं होतं. मी छोटंसं भाषण केलं, कोणी ऐकलं नाही, आणि बत्ती दिली. तोफ अशी कडाडली की पायांखालची जमीन हलली, आणि ते कडं, ते देखणं कडं, शीळ घालत निळ्या आभाळात चढत गेलं. सगळ्या गावाच्या माना त्याच्यामागे वर गेल्या. गेरानं माझ्याकडे बघितलं. घडांकडे बघते तसं अगदी नाही, पण त्याच्या बरंच जवळपास जाणारं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा क्षण होता, हे मी लाजेकाजेविना सांगतो.

ते सुख संध्याकाळपर्यंत टिकलं. तोपोल्निकच्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या. बेकरीवाल्याचा सोमवारचा पाव चपटा निघाला. रविवार असूनही स्वयंपाकीण बाईंची पोटीत्सा बसली. पुढे जूनमध्ये पाऊस आला नाही, तेव्हा तर गावानं उघडच सांगितलं, की कुकोवेत्सनं ढगांना धाक घातला.

"अहो, मी एकदाच उडवली!" मी ओरडलो.

"एकदाच," तोपोल्निक म्हणाला, "पण त्यांनी ते मनावर घेतलंय, बोतर."

दरीपलीकडचं पोदलोग हे गाव आमच्या मळ्यांच्या अगदी समोर आहे. तिथला सरपंच सेर्बिनेक एक दिवस चार माणसं घेऊन आला, तोफेभोवती फिरला, कर्ण्यात वाकून बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे तुमच्या गारा तुम्ही आमच्याकडे ढकलणार."

"ढकलत नाही. गारा विरघळतात."

"आणि विरघळून जातात कुठे? खाली. खाली कोण राहतं? आम्ही." त्यानं माणसांकडे वळून म्हटलं, "ऐकलंत ना सगळ्यांनी? यंदा पोदलोगवर गारा पडल्या, तर या माणसाचा मळा आम्ही खुडून नेणार. कोर्टातून नेऊ, पण नेऊ."

गेरा दारात उभी होती. त्या दिवशी माझ्या सुपात मीठ नव्हतं.

आणि जुलैतल्या एका दुपारी तो आला. गारांचा ढग ज्यानं बघितलाय त्याला वर्णन नको. काळा ढग परवडला, पण याचं पोट हिरवट-पांढरं होतं, आणि आतून खडीची गाडी चालल्यासारखा आवाज येत होता. मी दुकान उघडं टाकून धावलो. रोयको चर्चकडे धावताना दिसला. गेरा आधीच ओढ्याकाठच्या झोपडीकडे पोचली होती आणि दारूचे डबे एप्रनच्या ओच्यात घेऊन चढ चढत होती. ती धापा टाकत आली, मी डबा उघडला आणि आत बघतो तर लापशी. झरोक्यांनी चोख काम केलं होतं.

तरी मी ती नळकांड्यात कोंबली. काडी ओढली, वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली, टोपीआड धरली, वातीला लावली. वात जळाली, आत गेली आणि तोफेतून आवाज आला तो माझ्या दुकानातली सोड्याची बाटली उघडल्यावर येतो तेवढाच. मी दुसरा डबा रिकामा केला. पुन्हा तेच. मी तोफेला लाथ मारली, त्यात माझा अंगठा सुजला. वर विजा अशा कडाडत होत्या की दऱ्या घुमत होत्या, मनोऱ्यावरून घंटा दणाणत होती, आणि या सगळ्या गोंगाटात एकटी माझी तोफ तोंड मिटून बसली होती. पहिल्या गारा कर्ण्यावर टणाटण आपटल्या. गेरानं छत्री उघडली ती स्वतःवर नाही, जवळच्या वेलावर धरली. आणि मग वारा फिरला. ढगानं एक गिरकी घेतली, दरी ओलांडली आणि पोदलोगवर जाऊन फुटला.

आमच्याकडे नुसता पाऊस. एक घड गळला नव्हता. गेरा चिखलात बसून रडली, तिनं वेलाच्या खोडाला मिठी मारली, आणि मलाही डोळे पुसावे लागले.

तेवढ्यात बांधावरून आरडाओरडा करत गाव आलं. सगळ्यांच्या पुढे तोपोल्निक होता. त्यानं मला उचललंच. "बोतर! काय उडवलीत, काय उडवलीत! एकामागून एक! आमच्या खिडक्या थरथरत होत्या!"

विजांचा कडकडाट ऐकून त्यांना ती माझी तोफ वाटली होती. मी सांगायला तोंड उघडलं, तर कोणीतरी माझ्या तोंडाला वाइनचा मग लावला. बेकरीवाला माझा हात सोडेना. स्वयंपाकीण बाईंनी मला "गोस्पोद मागिस्टर" म्हणजे 'पदवीधर साहेब' म्हटलं, जे त्यांनी माझी पदवी ठाऊक असून आजवर कधी म्हटलं नव्हतं. आता मला सांगा, विज्ञानाचा एवढा मोठा विजय डोळ्यांसमोर उभा असताना, केवळ तोफ उडाली नाही या एका तपशिलापायी तो मोडून टाकणं कितपत जबाबदारीचं झालं असतं? मी हातातला मग रिकामा केला आणि गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी पोदलोगला गेलो. वेलांवर पान नव्हतं, नुसत्या सोललेल्या काड्या उभ्या होत्या, आणि वाटेवर हिरव्या घडांचा चेंदा झाला होता. सेर्बिनेकची म्हातारी आई तो चेंदा झाडूनं गोळा करत होती, कशासाठी ते तिलाही माहीत नसावं. मला फार वाईट वाटलं. सेर्बिनेक घरातून बाहेर आला आणि म्हणाला, "कोर्टात भेटू." त्याचा मला राग आला नाही, आणि एवढ्या सगळ्या प्रकरणात मला राग न आलेला तो एकच माणूस.

खटला उभा राहिला. मागणी एकच: कुकोवेत्सनं तोफ उडवून गारा पोदलोगवर घातल्या, सबब त्याच्या मळ्यातला यंदाचा सगळा माल पोदलोगला मिळावा.

गेरानं माझा कोट ब्रशनं झाडता झाडता विचारलं, "सांगणार ना खरं?"

"खरं म्हणजे?"

"उडाली नाही म्हणून. एवढं म्हणालात की सुटलो. घड आपले, वाइन आपली."

"आणि गाव काय म्हणेल? रोयको काय म्हणेल? की कुकोवेत्सनं सगळ्यांना अंगावर घेऊन तोफ बसवली आणि ती ऐन वेळी फुसकी निघाली? गेरा, घड पुढच्या वर्षी पुन्हा लागतील. अब्रू एकदाच लागते."

"अब्रूची वाइन होते का हो?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "एवढी वर्षं मी त्या वेलांना पाणी घातलं, गुडघे फुटले माझे. उडाली नाही एवढं सांगायला तुमच्या जिभेला काय होतं?"

मी तिच्या हातातून कोट घेतला आणि अंगात चढवला.

कोर्टात मुंगी शिरायला जागा नव्हती. एका बाजूला पोदलोग, एका बाजूला ब्रेझोवेत्स. न्यायाधीशांना सर्दी झालेली होती आणि ते रुमालामागून सगळ्यांकडे वैतागून बघत होते.

"प्रश्न साधा आहे," ते म्हणाले. "त्या दुपारी तुमची तोफ उडाली की नाही?"

मी गेराकडे बघितलं. तिनं शालीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. मी गावाकडे बघितलं. तोपोल्निक मला डोळ्यांनीच सलाम करत होता. शेवटच्या बाकावर रोयको बसला होता, आणि माझी फजिती ऐकायला तो असा पुढे सरकून बसला होता की मला माझा कोट आखूड वाटू लागला.

"उडाली," मी म्हणालो. "एकामागून एक."

ब्रेझोवेत्सनं टाळ्या वाजवल्या. पोदलोगनंही वाजवल्या, कारण गुन्हा कबूल झाला होता. एका वाक्यानं दोन गावं खूश झाल्याचं उदाहरण आमच्या जिल्ह्यात दुसरं नसेल. गेरानं मान खाली घातली. आणि तेवढ्यात शेवटच्या बाकावरून गर्जना झाली.

"धादांत खोटं!"

रोयको उठून पुढे आला. त्यानं टोपी छातीशी धरली. "साहेब, मी मनोऱ्यावर होतो. मनोऱ्याच्या झरोक्यातून यांचा अख्खा मळा दिसतो. तोफ एकदासुद्धा उडाली नाही. काड्या ओढत होते आणि विझत होत्या. तोफेला लाथ मारली आणि एका पायावर नाचले. शेवटी तर गुडघे टेकून बसले आणि माझ्या घंटेच्या तालावर देवाची प्रार्थना करायला लागले!"

एवढा अपमान कुठला शास्त्रशुद्ध माणूस सहन करेल? माझा तोल गेला. मी ओरडलो, "प्रार्थना नाही! चिखलात पडलेल्या काड्या शोधत होतो मी! दारू पेटत नव्हती म्हणून!"

न्यायाधीशांनी रुमाल खाली केला. "म्हणजे उडाली नाही," ते म्हणाले.

तोपोल्निक माझ्याकडे असा बघत होता जणू त्याच्या पोलिसी आयुष्यातला सर्वांत मोठा चोर मीच. गेरानं मात्र दोन्ही हात तोंडावर घेतले होते, आणि ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

"मग आमच्यावर गारा घातल्या कोणी?" सेर्बिनेकनं टेबलावर मूठ आपटली.

"मी!" रोयको म्हणाला. "ढग पश्चिमेचा होता. डाव्या हातानं वाजवली आणि दरीपार केला. दुसऱ्या कोणाची ताकद होती?"

न्यायाधीशांनी एक जाड पुस्तक मागवलं, शिंकत शिंकत पानं उलटली आणि सांगितलं, की ढगावर घंटा वाजवायला सम्राट योसेफ यांच्या काळापासून, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं, मनाई आहे आणि ती कोणी उठवलेली नाही. सबब यर्नेय रोयको यानं बेकायदा घंटा वाजवल्याचं त्याच्याच तोंडून सिद्ध होतं, त्याला एक दिवसाची कैद. ओझबाल्ट कुकोवेत्स यानं काहीही केलेलं नाही हे स्पष्ट आहे, तो निर्दोष.

'काहीही केलेलं नाही.' भर कोर्टात, मोठ्यानं, गावादेखत.

रोयकोला शिक्षा झाली त्या क्षणी ब्रेझोवेत्सनं त्याला खांद्यावर घेतलं. साक्षात सम्राटाच्या कायद्याला जिची दखल घ्यावी लागली, ती घंटा पोकळ असेल का? पोदलोगचंही समाधान झालं, कारण त्यांना शेवटी गुन्हेगार मिळाला. गावानं ठरवलं, की यंदाचा बेरा घरटी दुप्पट द्यायचा आणि त्यातला निम्मा पोदलोगला पाठवायचा. तो द्यायला माझी हरकत नव्हती, पोदलोगची म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर होतीच. पण आमच्या वाट्याची वाइन रोयकोच्या पिंपात ओतताना गेरा म्हणाली, "रोयको, तुम्ही होतात म्हणून घड वाचले," आणि दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं.

सेंट मार्टिनला आमच्या टेबलावर आमची वाइन होती. चांगली होती, थोडी आंबट, पण आमची. तळघरात सगळं गाव येऊन गेलं. टेबलाच्या मुख्य खुर्चीवर रोयको बसला होता, आणि तुरुंगात सूप कसं मिळतं ते तो सांगत होता. मला कोणीतरी ग्लास धुवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी शहरात वकिलाकडे गेलो. अपील करायचं आहे म्हणून सांगितलं.

त्यानं निकाल वाचला, पुन्हा वाचला. "गोस्पोद कुकोवेत्स, पण तुम्ही तर निर्दोष सुटलाय."

"त्याविरुद्धच अपील करायचंय."

"म्हणजे तुम्हाला शिक्षा हवी?"

"हवी," मी म्हणालो. "आणि रोयकोला झाली त्याहून एक दिवस जास्त."